कापूस, बर्लिनचे पारितोषिक आणि आपला सत्यशोधन अहवाल

गेल्या हंगामात अमरावतीच्या आमच्या अभ्यासमंडळातली चार मुले अकोला जिल्ह्यातल्या एका गावी जाऊन आली. कापूस वेचणीच्या मजुरीवरून तिथे बौद्ध वस्तीतल्या बायांनी काम थांबवले होते आणि गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांनी वस्तीच्या वापराची वाट काट्या टाकून अडवली होती. मुले एसटीने गेली, दिवसभर थांबली, संध्याकाळच्या गाडीने परतली आणि तीन पानांचा सत्यशोधन अहवाल त्यांनी लिहिला. मंडळात त्याचे वाचन झाले. पत्रकारितेचा अभ्यासक्रम शिकणारा एक विद्यार्थी त्यात होता. त्याने विचारले, "सर, याला रिपोर्ताज म्हणता येईल काय? रिपोर्ताजला म्हणे जगातले मोठे बक्षीस होते. आपल्या अहवालाला असे काही का मिळत नाही?"

बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न भाबडा वाटला तरी त्याच्या पोटात दोन गंभीर प्रश्न आहेत. रिपोर्ताज म्हणजे नेमके काय, हा एक. आणि आपण वर्षानुवर्षे जे अहवाल लिहीत आलो, ते रिपोर्ताजच्या उंबरठ्यावर येऊन का थांबतात, हा दुसरा. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते इथे देण्याचा प्रयत्न करतो.

त्या विद्यार्थ्याने ज्या पारितोषिकाचे नाव वाचले होते ते 'लेत्र युलिसिस' पारितोषिक. बर्लिनहून निघणाऱ्या 'लेत्र इंटरनॅशनल' या नियतकालिकाने ते सुरू केले. २००३ ते २००६ अशी चारच वर्षे ते दिले गेले. पहिल्या क्रमांकाला ५० हजार, दुसऱ्याला ३० हजार आणि तिसऱ्याला २० हजार युरो अशी रक्कम होती. पण रकमेपेक्षा त्यामागची कल्पना महत्त्वाची आहे. कादंबरीला, कवितेला जगभर मानसन्मान मिळतात. रोजच्या बातमीदारीलाही मिळतात. पण महिनोन्‌महिने एखाद्या प्रश्नाच्या मागे हिंडून, माणसांत राहून, कागदपत्रे तपासून लिहिलेले पुस्तकभर लांबीचे सत्यकथन कोणत्याच खात्यात बसत नाही. वाङ्मयवाले त्याला वर्तमानपत्री लिखाण म्हणतात आणि वर्तमानपत्रवाले म्हणतात, एवढी जागा नाही. या बेवारस प्रकाराला कला म्हणून मान्यता द्यावी, ते लेखन कोणत्याही भाषेतले असले तरी विचारात घ्यावे, आणि परीक्षकही निरनिराळ्या भाषांतले लेखक असावेत, असा त्यामागचा विचार होता.

तेव्हा रिपोर्ताज म्हणजे काय, हे या पारितोषिकाच्या मानकऱ्यांकडे पाहूनच समजून घेऊ. व्याख्येपेक्षा ते बरे.

२००३ चे पहिले पारितोषिक अ‍ॅना पोलितकोव्हस्काया या रशियन पत्रकार स्त्रीला मिळाले. 'नोवाया गझेता' या पत्रात ती लिहीत असे. चेचन्यातल्या युद्धात रशियन सैन्य सामान्य माणसांचे काय करते आहे हे तिने पुन्हा पुन्हा तिथे जाऊन लिहिले. 'पुन्हा पुन्हा' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत, त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

२००४ चे पहिले पारितोषिक चीनमधल्या चेन ग्वीदी आणि वू चुनताओ या नवराबायकोला मिळाले. आनहुई प्रांतातल्या शेतकऱ्यांची त्यांनी सुमारे तीन वर्षे पाहणी केली. गावचे पुढारी आणि पक्षाचे अधिकारी मनमानी कर कसे बसवतात, हिशेब मागणाऱ्याचे काय होते, हे त्यांनी नावानिशी, गावानिशी, रकमेनिशी लिहिले. पुस्तकाच्या आरंभीच एका तरुण शेतकऱ्याची हकीकत आहे. गावचे हिशेब तपासा एवढीच त्याची मागणी होती. पोलिसांच्या ताब्यात मार खाऊन तो मेला. २००४ च्या जानेवारीत पुस्तक निघाले आणि दोन-तीन महिन्यांत सरकारने ते बाजारातून उठवले. चोरून छापलेल्या प्रती मात्र लाखांनी खपल्या. पुस्तकात ज्याचे नाव आले त्या एका अधिकाऱ्याने लेखकांवर बदनामीचा दावा लावला. पुढे २००६ पासून चीनने शेतीवरचा तो जुना कर रद्द केला. तो या पुस्तकामुळेच रद्द झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या शेतकऱ्याच्या पाठीवर तो कर होता, त्याचे म्हणणे देशाने त्याच्याच तपशिलासह वाचले, हे या दोघांमुळे घडले.

तिसरे उदाहरण २००५ मधले. त्या वर्षी तिसरे पारितोषिक बगदादमधल्या एका तरुणीला मिळाले. तिचे खरे नाव जगाला ठाऊक नव्हते. 'रिव्हरबेंड' या टोपणनावाने ती अमेरिकी फौजांच्या ताब्यातल्या आपल्या शहराच्या नोंदी लिहीत होती. वीज किती तास गेली, शेजारच्या घरी कोण आले, कोणाला उचलून नेले, असल्या नोंदी. ती कुठून कुठे गेली नव्हती. ती घरातच होती आणि युद्ध तिच्या घरी आले होते.

इथे मला या पारितोषिकाच्या नावाविषयी थोडे बोलावेसे वाटते. युलिसिस म्हणजे ग्रीक महाकाव्यातला तो भटका राजा. जग हिंडून, संकटे सोसून तो अखेर घरी परततो. बातमीदारासाठी हे नाव निवडले त्यात औचित्य आहे. पण आपल्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट टोचते. युलिसिस राजा होता म्हणून घरी पोचला. त्याच्या जहाजांवर वल्ही मारणारे जे होते त्यांतला एकही परतला नाही, आणि त्यांच्या बाजूने ती सफर कोणी सांगितलेली नाही. प्रवास करून येणारा आणि परतीचे तिकीट खिशात असणारा, असा एक लेखक असतो. दुसऱ्याला परतीचे तिकीटच नसते, कारण जिथली हकीकत लिहायची तिथेच त्याला उद्या पाणी भरायचे असते, मजुरीला जायचे असते. बगदादची ती तरुणी या दुसऱ्या जातीची. आणि आपले सारे लेखन, आत्मकथनांपासून सत्यशोधन अहवालांपर्यंत, याच दुसऱ्या जातीचे.

आता कापसाकडे येतो. २००६ चे पहिले पारितोषिक लिंडा ग्रँट या ब्रिटिश लेखिकेला मिळाले. तिचे पुस्तक इस्राएलमधल्या माणसांवरचे आहे. दुसरे पारितोषिक एरिक ओर्सेना या फ्रेंच लेखकाला मिळाले आणि पुस्तकाचा विषय होता कापूस. 'कापसाच्या देशांतला प्रवास' असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. ओर्सेना हा मोठा माणूस, फ्रेंच अकादमीचा सदस्य, राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या कार्यालयात काम केलेला. एका सुती कपड्याच्या धाग्यामागे जाऊन जागतिकीकरण समजून घ्यावे, अशी त्याची युक्ती. माली देशातले कापूस उत्पादक, अमेरिकेतले अनुदानावर पोसलेले बडे शेतकरी, ब्राझीलची अफाट शेते, इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस, उझबेकिस्तानात कापसापायी आटलेला समुद्र, चीनमधले मोजे विणणारे गाव आणि शेवटी फ्रान्समधल्या बंद पडत चाललेल्या गिरण्या, असे सात मुक्काम त्याने केले. पुस्तक चांगले आहे. अमेरिकेच्या अनुदानाने आफ्रिकेच्या कापसाचा भाव कसा पडतो, हे त्याच्याइतके सोपे करून सांगणारे थोडे.

पण त्या सात मुक्कामांत भारत नाही. म्हणजे वऱ्हाडही नाही.

ओर्सेनावर रागावण्याचे कारण नाही. माणूस सगळीकडे जाऊ शकत नाही. परंतु कापसाच्या जागतिक हकीकतीतून वऱ्हाड गळावे, ही गोष्ट इतिहास जाणणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला तो काय इथल्या हवेसाठी? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा भाव लंडनमध्ये ठरू लागला. रेल्वे आली ती रुईच्या गाठी मुंबई बंदरावर नेण्यासाठी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद रूळाची गाडी एका खासगी ब्रिटिश कंपनीने टाकली तीही त्याचसाठी. आमच्या लोकांनी तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हटले. ती आता धावत नाही. जिनिंगच्या चिमण्या मात्र अकोल्यात अजून दिसतात. धागा शोधत निघालेला माणूस मँचेस्टरहून उलटा चालत आला असता तर मूर्तिजापूरच्या फलाटावर येऊन पोचला असता.

आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणावी की नाही ते वाचकांनी ठरवावे. या पारितोषिकाला पैसा पुरवणारे होते जर्मनीतले अव्हेंटिस प्रतिष्ठान. हे प्रतिष्ठान मुळात हेक्स्ट या रसायन कंपनीने १९९६ मध्ये उभारलेले. एन्डोसल्फान हे कीटकनाशक बाजारात आणणाऱ्यांत ही हेक्स्ट होती. वऱ्हाडात ते कोणाला ठाऊक नाही? पऱ्हाटीवर फवारले जाई आणि कर्जाने गांजलेल्या माणसाला घरात हाताशी असे तेही बहुधा असलेच एखादे औषध. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फानवर देशभर बंदी घातली. कापसावर लिहिलेल्या पुस्तकाला त्याच झाडाच्या बोंडावर फवारलेल्या विषाच्या नफ्यातून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाने गौरवावे, यात प्रतिष्ठानाचा कट होता असे मी म्हणत नाही. संस्कृतीचा पैसा कुठून येतो हे विचारण्याची सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावली आहे, एवढेच.

मग वऱ्हाडची हकीकत कोणीच लिहिली नाही काय? लिहिली. पी. साईनाथ यांचे नाव घ्यावेच लागेल. त्यांचे 'एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्रॉट' हे पुस्तक १९९६ मध्ये निघाले. देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत महिनोन्‌महिने राहून ते लिहिलेले आहे. पुढे 'द हिंदू'मधून त्यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा अखंड पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनीच लिहून ठेवलेली एक गोष्ट आहे. २००६ मध्ये मुंबईत फॅशनचा मोठा सप्ताह भरला होता. सुती कपडे अंगावर घालून मुली चालत होत्या आणि ते टिपायला ५०० हून अधिक पत्रकार हजर होते. त्याच वेळी विमानाने तासाभरावर असलेल्या विदर्भात, तो कापूस पिकवणारे मरत असताना, बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते. त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पाठपुरावा करणाऱ्या लेखणीशिवाय दिल्लीला हे सहा जिल्हे दिसले असते असे मला वाटत नाही.

तरीही, साईनाथ यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून, मला इथे आपल्या बाजूचा प्रश्न मांडायचा आहे. कापसाच्या या हकीकतीत कापूस वेचणारी कुठे आहे?

शासन आत्महत्या 'पात्र' ठरवते ते कशावर? जमीन कुटुंबाच्या नावे आहे काय, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे काय, वसुलीचा तगादा होता काय. ज्याच्या नावे सातबारा नाही, ज्याने मक्त्याने वावर केले, ज्या बाईने बचतगटाच्या आणि दुकानदाराच्या उधारीवर घर चालवले, तिचे मरण 'अपात्र'. मरणालाही पात्रता लागते! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग शेतमजुरांच्या आत्महत्या शेतकऱ्यांपासून वेगळ्या दाखवू लागला तो २०१४ च्या अहवालापासून. त्याआधी मजूर कुठल्या खान्यात पडत होता ते खुद्द मजुरालाही कळले नसते. आणि वेगळे मोजू लागल्यावर काय दिसले? २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजुरांचा आकडा शेतकऱ्यांच्या पुढे गेला आहे. पण 'शेतमजूर आत्महत्या' असा शब्दप्रयोग आपण वर्तमानपत्राच्या मथळ्यात किती वेळा वाचला?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. बातम्यांत मात्र सरसकट 'शेतकरी' मेले. शब्द चुकला की माणूस हरवतो. वावर कोणाचे, पंप कोणाचा, औषध कोणी आणले आणि पाठ कोणाची, हे चार प्रश्न वेगळे विचारणारा बातमीदार तिथे हवा होता.

आमच्या मुलांना त्या गावात एक वेचणारी बाई भेटली. तिने जे सांगितले ते मुलांनी वहीत टिपले होते, पण अहवालात घातले नव्हते. ती म्हणाली, "आमाले कोन इचारते, भाऊ? मानूस मेला का सायब येते, सातबारा कोनाच्या नावानं हाय थे पायते, अन जाते. वेचलं किती, काट्यावर भरलं किती, थे काई कोनी लेयत नाई." मी मुलांना विचारले, हे का गाळले? ते म्हणाले, अहवालात बोलीभाषा बरी दिसत नाही.

इथे आपल्या दुखण्याची नाडी सापडते.

सत्यशोधन अहवाल ही आपल्या चळवळीची स्वतःची वाङ्मयीन परंपरा आहे असे मी मानतो. शब्दच पाहा, तो फुल्यांच्या समाजाचा आहे. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव शेतकऱ्याच्या घरात शिरून तिथली भांडीकुंडी, दावणीची जनावरे, अंगावरची फाटकी वस्त्रे दाखवतात, ते १८८३ मधले मराठी रिपोर्ताजच आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली. त्या परिषदेचा वृत्तांत 'बहिष्कृत भारत'ने छापला. सवर्णांची पत्रे ज्याला दोन ओळी देत, त्याला बाबासाहेबांचे पत्र पाने देई. गावोगावच्या छळाच्या हकीकती, पत्रे, ठराव यांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक भरलेले असत. पुढे इलयापेरुमल समितीचा अहवाल आला. अस्पृश्यांवरील अत्याचारांची सरकारी कागदावरची ती जंत्री वाचून मुंबईतल्या तरुणांचे डोके फिरले आणि १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. एका अहवालात केवढी ताकद असते पाहा.

आणि आपल्याच अकोला जिल्ह्यातले धाकली. १९७४ मध्ये तिथे दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. पँथरच्या कार्यकर्त्यांनी त्या आंधळ्या केलेल्या भावांना लोकांपुढे आणले, त्यांची दाद राज्यकर्त्यांपर्यंत नेली. साक्षीदाराला स्वतः उभे करणे, हे त्या काळचे आपले रिपोर्ताज. लेखणीपेक्षा ते अधिक बोलके होते. पण पुस्तक झाले नाही. आज माझ्या वर्गातल्या मुलांना धाकली कुठे आहे ते सांगावे लागते. आनहुईतल्या शेतकऱ्याचे मरण बर्लिनपर्यंत पोचले कारण दोन माणसांनी तीन वर्षे त्याच्यामागे घालवली. धाकली अकोल्यापासून किती दूर?

२००६ च्या त्या शरदात ज्या गोष्टी एकापाठोपाठ घडल्या त्या मला विसरता येत नाहीत. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. एकाच घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावाने मारले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये कापसाच्या पुस्तकाचा गौरव होत होता. ७ ऑक्टोबरला मॉस्कोत, स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, अ‍ॅना पोलितकोव्हस्कायाला गोळ्या घातल्या गेल्या. तीन वर्षांपूर्वीचे पारितोषिक तिच्या आड आले नाही. खैरलांजीची बातमी मात्र कित्येक आठवडे मोठ्या पत्रांपर्यंत पोचलीच नव्हती, आणि जिथे आली तिथे अनैतिक संबंधांची कुजबुज घेऊन आली. कार्यकर्त्यांचे सत्यशोधन गट गावात गेले, अहवाल छायाप्रती काढून हातोहात फिरले, तेव्हा महाराष्ट्र जागा झाला. नोव्हेंबरात अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मेला. त्या वर्षानंतर बर्लिनचे ते पारितोषिकही दिले गेले नाही.

खैरलांजीच्या खटल्यात पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे म्हटले. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तेच धरले. म्हणजे खून झाला, जात नव्हती! पहिल्या दिवशीच्या पंचनाम्यात, पहिल्या जबाबात, पहिल्या बातमीत जे लिहिले जात नाही, ते अखेरच्या निकालात कुठून येणार? म्हणून मी पहिल्या नोंदीविषयी इतका हट्टी आहे.

आपल्या अहवालांत कमी काय पडते, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. आपण एक दिवस जातो. गावात तणावपूर्ण शांतता असल्याचे लिहितो. पीडितांचे जबाब घेतो, पण ते आपल्या भाषेत, म्हणजे तहसील कचेरीच्या भाषेत, उतरवतो. शेवटी मागण्यांची यादी जोडतो, निवेदन देतो, फोटो काढतो आणि पुन्हा त्या गावी जात नाही. वर मी म्हटले होते, पोलितकोव्हस्काया पुन्हा पुन्हा गेली. अहवाल आणि रिपोर्ताज यांतला मोठा भेद मला तिथे दिसतो. पहिल्या फेरीत गाव आपल्याला तेच सांगते जे निवेदनात घालण्यासारखे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कोणीतरी सांगते की वेचणीचा काटा धुऱ्यावर कोण धरतो, ओल म्हणून किती वजन कापतात, सीतादहीच्या दिवशी मालकीण कोणाच्या हातून बोंड घेते आणि कोणाला लांबून वाढते. जात तिथे असते. घोषणेत ती सापडत नाही.

दुसरी बाजूही तपासली पाहिजे. चेन आणि वू यांनी ज्याच्यावर आरोप केले त्याचे नाव, पद, रक्कम, तारीख दिली, म्हणून त्यांच्यावर दावा झाला. आपल्या अहवालावर दावा होत नाही, कारण त्यात 'जातीयवादी प्रवृत्ती' असे लिहिलेले असते. प्रवृत्तीवर दावा कोण लावणार? ज्याच्याविषयी लिहायचे त्याला भेटून त्याचे म्हणणेही घ्यावे लागते. हे आपल्या कार्यकर्त्यांना पटत नाही. पण मालकाचा हिशेब मालकाच्या तोंडून वहीत आला तर तो शंभर विशेषणांपेक्षा जास्त बोलतो.

आणि भाषा. २००२ मध्ये उत्तर प्रदेशात चित्रकूटला 'खबर लहरिया' हे पत्र सुरू झाले. गावातल्या, बहुतांशी दलित बाया, बुंदेली बोलीत, स्वतः हिंडून बातम्या लिहू लागल्या. २००९ मध्ये युनेस्कोचे साक्षरता पारितोषिक त्या कामाला मिळाले. त्यांनी बोली गाळली नव्हती. बर्लिनच्या पारितोषिकाने भाषांची दारे उघडी ठेवली होती खरी, पण चार वर्षांत पहिल्या तिघांत भारतीय भाषेतले एकही पुस्तक आले नाही. दोष सगळा त्यांचा नाही. पाठवण्यासारखे मराठीत काय होते? आत्मकथने होती, आणि ती जगाच्या तोडीची होती. आपण स्वतःच्या जगण्याचा रिपोर्ताज उत्तम लिहिला. शेजारच्या वस्तीचा, शेजारच्या जिल्ह्याचा लिहायला मात्र आपल्यापाशी वेळ, पैसा आणि धीर कमी पडला. यातल्या पैशाची अडचण खरी आहे. तीन वर्षे हिंडायला पोट भरलेले लागते. आपला कार्यकर्ता तासिका तत्त्वावर शिकवतो, रविवारी गावी जातो आणि एसटीचे भाडे पदरचे भरतो. बक्षिसाचा उपयोग असलाच तर तो या ठिकाणी आहे, लिहून झाल्यावर शाल घालण्यापेक्षा लिहिण्याआधी सहा महिन्यांची मजुरी देण्यात. आपल्या संस्था जयंतीच्या मंडपावर जो खर्च करतात त्यातल्या थोड्याशा भागात एका मुलीला एक वेचणीचा हंगाम एका गावात ठेवता येईल. हे लिहिल्याबद्दल काही मित्र नाराज होतील. होवोत.

तर त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. तुमचा अहवाल रिपोर्ताज नाही, पण तुमच्या वहीत रिपोर्ताज आहे. ती बाई जे बोलली ते तिच्या बोलीत अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या. तिने दिवसात किती किलो वेचला, काट्यावर किती धरला, पैसे कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हातून मिळाले, हे लिहा. वाट कोणी अडवली त्याला भेटा.

मुले गेल्या महिन्यात पुन्हा गेली. या वेळी तीन दिवस राहिली. वाट मोकळी झाली आहे, मजुरीचा वाद मिटलेला नाही. मालकांपैकी एकाने भेटायला नकार दिला, दुसऱ्याने चहा पाजला आणि आपली वही दाखवली. त्या वहीतले आणि बायांनी तोंडी सांगितलेले वजन एकमेकांशी जुळत नाही. फरक किती आहे तो आम्ही सध्या दिवसवार मांडतो आहोत, आणि दुसरी वेचणी सुरू झाली की मुले स्वतःचा काटा घेऊन जाणार आहेत.